अंगणवाडी आणि तेलाचा डबा

आदिलाबाद शहरालगत, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाजवळ मावला हे गाव वसले आहे. हा मुलूख कापसाचा. निंदणी-वेचणीच्या दिवसांत माता शेताकडे निघताना आपले तीन-चार वर्षांचे लेकरू अंगणवाडीच्या स्वाधीन करते. त्या घटकेस ती केवढा विश्वास टाकीत असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी कार्य आरंभिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार होता. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर पसरल्या. तेथे सहा वर्षांखालील मुलांस पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी यांचा लाभ मिळतो. योजना सरकारची खरी. परंतु मूल आपले आहे.

16 जुलै 2013 रोजी बिहारातील सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले प्राणास मुकली. तपासणीत त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. कापसाच्या किडीवर शेतकरी फवारीत आले, तेच हे विष! तेव्हा ती घटना दूर देशीची म्हणून आम्हांस विसरता येणार नाही.

ज्या घरी फवारणीचे औषध येते, तेथे रिकामा डबा धुऊन ठेवण्याचा मोह होतोच. असा डबा कितीही धुतला तरी त्यात अन्नपाणी ठेवू नये. भोके पाडून तो निकामी करावा. अंगणवाडीत तेल, डाळ व पीठ झाकणाच्या स्वतंत्र डब्यांत असावे आणि फिनाईल कुलपात. तेलास अनोळखी वास येत असल्याचे स्वयंपाकीण सांगेल, तर तिचे ऐकावे व ते तेल बाजूस सारावे.

आणखीही काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुतले जातात काय? शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच पडून तर राहत नाही ना? पाण्याची बादली उघडी तर नाही? वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. फाटकास कडी आहे काय? अख्खे शेंगदाणे तान्ह्यांच्या हाती जात नाहीत ना? ते घशात अडकून श्वास कोंडतो.

हे सारे सेविकेवर दोष ठेवण्यासाठी आम्ही लिहीत नाही. एकटी सेविका व एक मदतनीस इतक्या लेकरांना सांभाळतात; त्यांस आपल्या सोबतीची गरज आहे. प्रत्येक माता-पित्याने महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत जावे, चुलीपाशी क्षणभर थांबावे व मोकळेपणाने विचारावे. कडी मोडली असेल तर दुरुस्त करून द्यावी. डबा नसेल तर आपल्या घरचा एक स्वच्छ डबा न्यावा. लेकरू सोपविले म्हणजे आपली जबाबदारी संपत नाही.