वाकून फिरणारा शाफ्ट

लातूरच्या औसा तालुक्यातल्या कुठल्याही गावात स्लॅब पडत असला की आधी मिक्सरचा खडखडाट ऐकू येतो आणि मग व्हायब्रेटरची घरघर. व्हायब्रेटरचं इंजिन किंवा मोटार फळीवर ठेवलेली असते. निडल, म्हणजे ओल्या मालात बुडवायचं थरथरणारं टोक, मात्र पंधरा-वीस फुटांवर, सळयांच्या जाळीत. दोन्हींना जोडणारी काळी, जाड रबरी नळी एक कामगार खांद्यावर घेऊन फिरतो. त्या नळीच्या आत पोलादी तारांचा एक शाफ्ट मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेत असतो, तोही वाकलेल्या अवस्थेत. बांधकामावरच्या सगळ्या सामानात माझ्या मते सर्वांत हुशारीची वस्तू हीच, आणि सर्वांत दुर्लक्षितही हीच.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मधोमध एक तार. तिच्यावर तारांचा एक थर उजवीकडे पीळ देऊन गुंडाळलेला, त्यावरचा थर डावीकडे, त्यावरचा पुन्हा उजवीकडे. असे थर चढत जातात. शाफ्ट फिरू लागला की बाहेरचा थर आवळतो, आतला सैलावू पाहतो, आणि दोघे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे वाकायला मऊ असलेली ही वस्तू पिळायला कडक असते. पण हे एकाच दिशेला खरं. उलटं फिरवलं तर बाहेरचा थर उकलायला लागतो आणि शाफ्ट लवकरच निकामी होतो. म्हणून तीन फेजच्या मोटारीवर दिशेचा बाण पाहावाच लागतो, कारण जोडणीत दोन वायरींची अदलाबदल झाली तरी मोटार उलटी फिरते.

इतक्या बारीक शाफ्टमधून एवढी शक्ती जाते कशी? शक्ती म्हणजे पीळ (टॉर्क) गुणिले वेग. वेग वाढवला की तेवढ्याच शक्तीला पीळ कमी पुरतो, आणि पीळ कमी असला की बारीक शाफ्ट चालतो. लवचिक शाफ्टचं सगळं गणित एवढंच आहे.

कल्पना जुनी आहे. वाफेच्या घणासाठी ओळखला जाणारा स्कॉटिश अभियंता जेम्स नॅस्मिथ याने 1829 मध्ये, हेन्री मॉडस्ले यांच्या लंडनच्या कारखान्यात काम करत असताना, पोलादी तारेचं वेटोळं करून वाकडा फिरणारा शाफ्ट बनवला. सरळ दांडा पोचत नाही अशा अडचणीच्या जागी भोकं पाडायला. पुढे तो दंतवैद्यांच्या यंत्रात आला, ऑस्ट्रेलियात मेंढ्या कातरायच्या यंत्रात आला, मोटारगाड्यांच्या स्पीडोमीटरमध्ये आला. आपल्याकडे बजाजच्या स्कूटरची स्पीडोमीटर केबल तुटलेली कित्येकांनी हाताळली असेल. ती याच घराण्यातली.

याची सर्वांत कठीण परीक्षा शर्यतीच्या मॉडेल बोटींत होते. रेडिओवर चालणाऱ्या या छोट्या बोटींत मोटार तळाशी बसते. पंखा मात्र मागच्या टोकाबाहेर, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आणि अर्धा पाण्याबाहेर फिरावा लागतो. सरळ दांडा टाकला तर तो तिरपा खाली जातो आणि बोटीचं तोंड दबतं. म्हणून तारांचा शाफ्ट पितळी नळीतून हलकं वळण घेत बाहेर काढतात. मोठ्या बोटींत त्याची जाडी बहुधा पाव इंच असते आणि फेरे मिनिटाला वीस हजारांवर जातात. जोर आला की हा शाफ्ट पिळून किंचित आखूड होतो. मागे पंख्यापाशी काही मिलिमीटरची फट ठेवली नसेल, तर पंखा ओढला जाऊन आधाराच्या कंसाला घासतो. प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट ओढून काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस लावायचं, हा बोटवाल्यांचा नेम. हौसेच्या खेळात पाळली जाणारी ही शिस्त घराच्या कामात का पाळली जात नाही, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

कारण औशात ही गोष्ट जिवाशी निगडित आहे. किल्लारी याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या गावांवर मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं कोसळली. भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या सुधारित मानकात तो तिसऱ्यात गेला. जागतिक बँकेच्या मदतीने 52 गावं नव्या जागी उभी राहिली. दगडमातीवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि तो सिमेंट-सळईवर बसला.

पण काँक्रीट आपोआप भक्कम होत नाही. ओतलेल्या मालात हवा अडकलेली असते. शंभरात पाच भाग पोकळी राहिली तर ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. निडलच्या आत एका बाजूला जड असलेला दांडा फिरतो, त्याच्या थरथरीने माल क्षणभर पातळ झाल्यासारखा वागतो, खडी खाली बसते आणि हवेचे बुडबुडे वर येतात. कॉलम आणि बीम मिळतात तिथे सळया सर्वांत दाट असतात आणि भूकंपात ताणही तिथेच सर्वाधिक येतो. साठ मिलिमीटरची निडल तिथे शिरत नाही. चाळीसची, कधी पंचवीसची लागते. साइटवर ती नसेल तर गजाने टोचून वेळ मारून नेली जाते. वरून प्लास्टर झालं की आतली पोकळी कुणाला दिसत नाही.

निडल उभी आणि झटकन खाली सोडायची, पाच ते पंधरा सेकंद ठेवायची, बुडबुडे थांबले की चालू असतानाच सावकाश वर घ्यायची. घाईने उपसली तर जागी भोक राहतं. तिने माल आडवा ढकलू नये, कारण खडी एकीकडे आणि सिमेंटचं पाणी दुसरीकडे जातं. हवेत फिरवत ठेवू नये, बेअरिंग तापतं. तिला थंड ठेवतो तो ओला माल. आणि नळीला कधीही तीव्र वळण देऊ नये. तशा वळणात आतला शाफ्ट आवरणाला घासतो, ग्रीस जळतं, आणि एक-एक तार तुटू लागते.

निडलमध्येच मोटार बसवलेले व्हायब्रेटर आता मिळतात, त्यांना शाफ्ट लागत नाही. तरी खेडोपाडी जुनाच प्रकार टिकेल असं वाटतं, कारण इंजिन पेट्रोलवर चालतं, वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि तुटलेला शाफ्ट तेवढाच बदलता येतो. फक्त तो स्लॅबच्या मध्यावर तुटला तर दुकानात जाऊन येईपर्यंत ओतलेला माल घट्ट होऊ लागतो आणि त्या रेषेवर सांधा राहतो. म्हणून घर बांधणाऱ्याने सिमेंटच्या गोण्या मोजतानाच कंत्राटदाराला विचारावं, की जास्तीचा शाफ्ट आणि दुसरी निडल साइटवर आणली आहे का. नसेल तर दोन्ही येईपर्यंत मिक्सर सुरू करू देऊ नये.