बी रुजवायचंय? मग आधी खताचा हात आखडा!

संकरित टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीचे बी मोजून मिळते, म्हणून एकही वाया जाऊ नये असे वाटते. त्यापोटी ट्रेमध्ये भरपूर शेणखत भरले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. उगवणीपुरते अन्न बियाण्यातच असते. त्याला हवा असतो ओलावा, ऊब आणि मोकळी हवा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात. माध्यम घट्ट आणि सतत ओले राहिले, की पिथियमसारख्या बुरशीने कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात.

म्हणून रोपवाटिकांत कोकोपीट वापरतात. हा नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात मीठ राहिलेले असू शकते. पाकिटावर क्षारांचे माप, म्हणजे ईसी, १ पेक्षा कमी आहे का ते पाहावे. नसेल तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. भिजवलेले कोकोपीट मुठीत दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब यावा, धार नव्हे.

गांडूळखत घालायचेच तर चाळून, थोडेसेच. तरीही शंका असेल तर आधी चिमूटभर मेथी पेरावी. चार-पाच दिवसांत ती एकसारखी उगवली नाही, तर महागडे बी त्यात टाकू नये.