अर्धे नर, अर्धे पशू: शिल्पांतील एका कुळाविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या वसाहतींचे वय फारसे नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतरच खाडीकाठची मिठागरे व भातशेते यांच्या जागी नवी मुंबई उभी राहिली. परंतु या अर्वाचीन नगराच्या भोवताली, सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या टप्प्यात, इ.स. १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर आहे, घारापुरीची लेणी आहेत आणि घाट चढून गेले की कार्ले व भाजे आहेत. सुटीच्या दिवशी तेथे जाणाऱ्या कुटुंबांतील मुले स्तंभशीर्षांकडे किंवा देवळाच्या जंघेकडे बोट दाखवून, पक्ष्याचे पाय असलेला हा माणूस कोण, घोड्याच्या तोंडाची ही बाई कोण, असे विचारतात, आणि वडील मंडळी, ज्यांना हा विषय कोणी कधी शिकविलेलाच नसतो, ती ‘राक्षस असेल’ एवढे म्हणून पुढे चालू लागतात. प्रश्न उत्तम असतो आणि त्याला निश्चित उत्तरही असते. मनुष्य व पशू यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या या विशाल कुळाविषयी जे समज आपल्यात रूढ आहेत, त्यांतील प्रमुखांचा निवाडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला समज असा की, या आकृती म्हणजे पाथरवटांच्या मनाचे स्वैर खेळ होत. रिकामी जागा दिसली आणि हाताला सुचेल ते कोरले. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. बाराव्या शतकातील ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पशास्त्रीय ग्रंथात देवळांच्या भिंतींवर कोरावयाच्या व्यालांचा, म्हणजे सिंहदेही मिश्रप्राण्यांचा, जो तपशील दिला आहे, त्यात मुखभेदाने सोळा प्रकार आणि प्रत्येकाच्या सोळा मुद्रा, असे मिळून २५६ भेद सांगितलेले आहेत. गजमुखी, अश्वमुखी, शुकमुखी अशा प्रकारांच्या याच यादीत मनुष्यमुखाचा नरव्यालही आहे. ज्या परंपरेत एका कल्पित प्राण्याची एवढी बिनचूक वर्गवारी होते, तेथे लहरीला वाव किती उरणार? कारागिराचे स्वातंत्र्य रेषेच्या लयीत आणि चेहऱ्यावरच्या भावात होते. कोणते मुख कोणत्या धडावर बसवावे, हा निर्णय त्याच्या हाती येण्यापूर्वीच झालेला असे.

या शास्त्राच्या आधारे मी एक निरीक्षण नमूद करतो, कारण ते हाताशी असले म्हणजे कोणत्याही देवळासमोर उभे राहिल्यावर पुष्कळसा उलगडा आपोआप होतो. ज्यांचे मस्तक पशूचे आणि देह मनुष्याचा, ते नृसिंह, नृवराह, गणेश, हयग्रीव बहुधा पूज्य देव असतात आणि गाभाऱ्यात, देवकोष्ठात किंवा भिंतीवरील मोठ्या पटाच्या मध्यभागी त्यांचे स्थान असते. उलटपक्षी ज्यांचे मुख मनुष्याचे आणि शरीर पक्ष्याचे, घोड्याचे किंवा सिंहाचे, ते किन्नर आणि नरव्याल परिवारातील होत व त्यांना पटाची कड, वरचा कोपरा किंवा स्तंभाचा माथा दिलेला असतो. हा नियम अपवादरहित नाही. अश्वमुखी यक्षी पूज्य देवतांत मोडत नाही, आणि मत्स्यावतार कमरेपासून वर मनुष्य व खाली मासा असा घडविण्याची रीत असूनही तो साक्षात विष्णूच आहे. तथापि दहांतील आठ वेळा हा नियम वाट चुकू देत नाही.

या सर्व कुळात किन्नरांची शाखा सर्वांत रम्य, आणि तिच्याच संबंधाने घोटाळाही सर्वांत अधिक. अमरकोशात ज्या दहा देवयोनी गणल्या आहेत, त्यांत विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व यांच्या पंक्तीला किन्नरही आहे. म्हणजे किन्नर हा राक्षस नव्हे, दोन्ही नावे वेगवेगळी दाखल केलेली आहेत. कोशात त्याला घोड्याच्या मुखाचा म्हटले आहे. शिल्पात व चित्रात मात्र त्याची तीन रूपे आढळतात: मनुष्यदेहावर घोड्याचे मुख, घोड्याच्या धडावर मनुष्याचा ऊर्ध्वभाग आणि पक्ष्याच्या देहावर मनुष्याचा ऊर्ध्वभाग. तिसऱ्याचा आपल्या मुलखातील सर्वोत्कृष्ट दाखला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या त्या जगद्विख्यात चित्रात, त्याच्या मुकुटाकडे खिळलेली दृष्टी थोडी बाजूला व वर नेली तर, पाखराच्या पायांचे किन्नर वाद्य वाजविण्यात तल्लीन झालेले दिसतात. त्या करुणामय मुद्रेभोवती सूर असावेत, ही त्या चित्रकाराची योजना मला अत्यंत हृद्य वाटते, आणि हजारो प्रेक्षक केवळ मधल्या मूर्तीचे दर्शन घेऊन परततात याचे तितकेच वाईट वाटते.

किन्नरांच्या ठायी दोन गुण परंपरेने मानले आहेत: गायन आणि दांपत्यनिष्ठा. भल्लाटिय जातकात एक किन्नर-जोडपे पुराच्या पाण्यामुळे केवळ एका रात्रीपुरते नदीच्या दोन तीरांवर अडकून पडते, आणि त्या एका रात्रीच्या विरहासाठी त्यानंतर ६९७ वर्षे शोक करीत राहते. शिकारीच्या नादात घरदार विसरलेला वाराणसीचा राजा हे ऐकतो आणि शिकार सोडून परत फिरतो. गायनाचा गुण तर महाराष्ट्राच्या भूमीत वाद्याच्या रूपाने उतरला. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त किन्नरी वीणेचे लहान-मोठे प्रकार वर्णिले आहेत, आणि डक्कलवार समाजाच्या हातची किंगरी ही त्याच नावाची आणि त्याच घराण्याची लोकपरंपरेतील वारसदार होय. किन्नरांचे जवळचे आप्त म्हणजे गंधर्व. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात आजही ज्या थोर गायकनटाच्या पदांवर प्रेक्षक माना डोलावतात, त्या नारायणराव राजहंसांना महाराष्ट्राने ‘बालगंधर्व’ म्हटले, तेव्हा या प्राचीन समजुतीलाच नवा मान मिळाला.

येथे दुसरा गैरसमज दूर केला पाहिजे. तृतीयपंथी व्यक्तींना उद्देशून किन्नर हे नाव हिंदीच्या वाटेने अलीकडे मराठी वृत्तपत्रांत रुळले आहे, आणि त्यामुळे शिल्पांतील किन्नर म्हणजे तृतीयपंथीयांचे प्राचीन चित्रण, असे अनेकांस मनापासून वाटू लागले आहे. प्राचीन वाङ्मयातील किन्नराबरोबर किन्नरी असते, त्यांचा संसार असतो. त्यांचे वेगळेपण मनुष्य आणि पशू यांच्या सीमेवरचे आहे, स्त्री आणि पुरुष यांच्या सीमेवरचे नव्हे. हिमाचल प्रदेशातील किन्नौरचे रहिवासी तर तुमच्याआमच्यासारखी माणसे असून स्वतःस त्या नावाने अभिमानाने ओळखवितात. तृतीयपंथीयांचा सन्मान व त्यांचे हक्क, ज्यांना २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, हे कोणत्याही शिल्पाच्या साक्षीवर अवलंबून नाहीत. त्यासाठी इतिहासाला भलते वळण देण्याचे प्रयोजन नाही.

तिसरा समज विद्वानांतही दीर्घकाळ नांदला: हे मिश्रप्राणी ग्रीकांकडून उसने आणलेले आहेत. या समजाला आधार मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. कार्ल्याच्या महाचैत्यातील स्तंभलेखांत धेनुकाकटाच्या यवनांनी (त्या काळच्या अर्थाने ग्रीकांनी) दिलेल्या दानांची नोंद आहे. तेथील एका स्तंभावर मनुष्यमुखी, सिंहदेही आकृती आहे. भाज्याच्या विहारात एका स्तंभशीर्षावर स्त्रीमुख व पशुदेह यांचा संयोग केलेला आहे, आणि पाश्चात्त्य देशांत गेलेल्या प्रवाशाला स्फिंक्स आणि सेंटॉर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नौकानयनग्रंथाला नावानिशी ठाऊक होती, आणि ज्या ठाण्याच्या खाडीकाठी आज आपले नगर वसले आहे तो सारा टापू त्या व्यापाराच्या हद्दीतलाच होता. मालाबरोबर आकृतीही आल्या असतील, यात नवल नाही. परंतु कल्पनेचे मूळ तेथे नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर मनुष्याचे मुख, हत्तीची सोंड आणि बैलाची शिंगे यांचे संयोग आहेत. कालीबंगनच्या एका मुद्रेवर वाघाचे अंग असलेली स्त्री आहे. आणि हे सारे कार्ल्याच्या पूर्वी सुमारे दोन सहस्र वर्षांचे. शिवाय भाज्याच्या ज्या शिल्पपटाला पुष्कळ काळ इंद्राचा पट म्हटले गेले, त्याच्या तळाशी असलेली अश्वमुखी स्त्री ग्रीक कथांतील नव्हे, तर जातककथांतील घोड्याच्या तोंडाच्या यक्षिणीची सगोत्र आहे. आणि देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही. येथला किन्नर समुद्र ओलांडून जावा आणि सयामपर्यंत पोहोचला, व बोरोबुदुरच्या शिल्पांत आणि थाई देवालयांच्या प्रांगणांत आजही नांदतो आहे.

पशुमस्तकाच्या देवांकडे वळले म्हणजे सर्वसाधारण समज असा दिसतो की, पूर्ण पशू ही आरंभीची ओबडधोबड अवस्था असून मिश्ररूप ही नंतरची सुधारणा. रामटेकच्या टेकडीवर हा समज टिकत नाही. तेथे वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातील, वराह चारही पायांवर उभा असलेला संपूर्ण पशू आहे, आणि त्याच टेकडीवर, त्याच राजवंशाच्या अमलातील केवल नरसिंह व रुद्र नरसिंह ही दोन मंदिरे मनुष्यदेही सिंहाची आहेत; एकाच पिढीच्या भक्तांना दोन्ही प्रकार सारखेच मान्य होते. नृसिंहाचा तर आपल्याकडे मोठाच विस्तार आहे: वेरुळच्या पंधराव्या लेण्यातील हिरण्यकशिपूशी झुंजणारा, कृष्णाकाठी कोळे नरसिंहपूरला सोळा हातांचा, नीरा-भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूरला कुलस्वामी म्हणून बसलेला. त्याचा क्रोध पाहून त्याला राक्षसांत जमा करणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत. प्रल्हादाच्या कथेचा धागा तुटलेल्या घरांत हे होणारच, आणि तो धागा पुन्हा जोडून देणे हे आजी-आजोबांचे काम आहे.

पशुमस्तक धारण करणारा प्रत्येक जण पूजेचा धनी असतो, असेही नव्हे. पुष्कळ मराठी घरांतील देव्हाऱ्यात वीरभद्राचा टाक असतो. तो हातात घेऊन नीट पाहावा. वीरभद्राच्या पायाशी हात जोडून उभी असलेली छोटी बोकडमुखी आकृती म्हणजे दक्ष प्रजापती. यज्ञात शिवाचा अवमान करणाऱ्या दक्षाचे मस्तक उडविले गेले आणि नंतर दयेने त्याला बोकडाचे मस्तक लाभले, ही कथा त्या चांदीच्या इवल्याशा पत्र्यावर ठोकलेली असते. गणपतीचे गजमुख हा सन्मान, दक्षाचे अजमुख हे प्रायश्चित्त. मस्तक बदलण्याची घटना एकच, अर्थ परस्परविरुद्ध. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात गणपतीचा मुखवटा चढवून नाचणाऱ्या माणसाला हा भेद सांगावा लागत नाही.

याच मस्तकबदलाच्या कथांवरून, प्राचीन भारतात मस्तकारोपणाची शस्त्रक्रिया होत असे, असा समज अलीकडे जाहीर व्यासपीठांवरूनही मांडला जातो. आपल्या पूर्वजांविषयीचा आदर मलाही आहे, आणि म्हणूनच त्यांनी खरोखर जे केले ते सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक गालाच्या त्वचेने पुन्हा घडविण्याचा विधी आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैलहाक्याचे नाक कपाळाच्या कातडीने पुण्याच्या परिसरात कसे घडविले गेले, याचा सचित्र वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापला गेला आणि युरोपातील शल्यवैद्यांनी ती विद्या त्यावरून उचलली. हे प्रमाणित यश आहे. एका जातीचे मस्तक दुसऱ्या जातीच्या देहावर जगविणे मात्र आजच्याही वैद्यकाला साधलेले नाही. मनुष्य व पशू यांचा संकरही निसर्गात होत नाही. घोडा आणि गाढव एवढे निकटचे, तरी त्यांचे ६४ आणि ६२ गुणसूत्रांचे वारसे एकत्र येऊन ६३ गुणसूत्रांचे खेचर जन्मते आणि ते जवळजवळ नेहमीच वांझ राहते. २०१७ साली डुकराच्या आणि २०२१ साली माकडाच्या भ्रूणांत मानवी पेशी वाढविण्याचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले, ते काही आठवड्यांच्या आत थांबविण्यात आले. त्यांचा हेतू रोपणासाठी अवयव मिळविणे हा होता, आणि त्यांतून कोणताही किन्नर जन्मास आला नाही.

शेवटी या कुळात चुकून दाखल केल्या जाणाऱ्या दोघांविषयी. यादवकालीन देवळांत स्तंभाच्या माथ्याशी छत पेलून धरणाऱ्या, बहुधा चार हातांच्या स्थूल आकृतींना आपण ‘कीचक’ म्हणतो आणि त्यामुळे भीमाने मारलेल्या विराटाच्या मेहुण्याचीच ही शिक्षा आहे, असे गावोगाव सांगितले जाते. महाभारतातल्या कीचकाशी त्यांचा काही संबंध नाही. ते भारवाहक यक्ष होत, आणि क्वचित त्यांना नागाचा फणा दिलेला असला तरी एरवी त्यांच्यात पशूचा अंश नसतो. दुसरा शरभ. जंजिऱ्याच्या महाद्वारावर हत्तींना पंजांत जखडून ठेवणारा आणि आपल्या अनेक गडांच्या दरवाज्यांवर दिसणारा हा प्राणी पुराणात नृसिंहाच्या शमनासाठी शिवाने घेतलेले रूप आहे, आणि दक्षिणेतील काही मूर्तींत त्याला मनुष्याचे हात व धडही असते. दुर्गांवरचा शरभ मात्र वाघासिंहाच्या अंगाचा निखळ पशू असून तो किल्लेदाराच्या पराक्रमाची खूण म्हणून बसविलेला आहे. त्याची नोंद व्यालांच्या खात्यात करावी, किन्नरांच्या नव्हे.