संध्याकाळी पाय जड पडतात? घोट्याकडे एकदा पाहा

आमच्या थोरल्या आपा न्हावऱ्याला राहतात. फजरनंतर ओट्यापाशी उभ्या राहिल्या की दुपारपर्यंत खाली बसणे नाही. भाकऱ्या, मुलांचे डबे, धुणे, शेळ्या. संध्याकाळी पायरीवर बसून त्या पोटऱ्या दाबायच्या आणि म्हणायच्या, "पाय शिशासारखे झालेत रे." आम्ही हसून म्हणायचो, "आपा, आता वय झालं." तेव्हा त्यांचे वय होते बावन्न.

एका रमजानमध्ये त्यांनी तरावीह बसून पढायला सुरुवात केली. आम्हाला वाटले, रोज्याचा थकवा असेल. मग डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट झाली, खाज सुटली आणि खाजवून एक लहानशी जखम झाली. हळद लावली, कडुनिंबाचा पाला वाटून लावला, मेडिकलमधून मलम आणले. साखर तपासली, ती नॉर्मल निघाली आणि आम्ही निर्धास्त झालो. जखम मात्र पाच महिने भरली नाही. सलवारीखाली झाकलेली असल्यामुळे घरात कोणाला तिचा आकारही ठाऊक नव्हता.

शेवटी एका डॉक्टरांनी आपांना पलंगावर न झोपवता उभे राहायला सांगितले. उभ्या राहताच पोटरीवर दोरीसारख्या पीळ पडलेल्या नसा वर आल्या. डॉक्टर म्हणाले, "जखम घोट्यावर दिसते, पण मूळ दुखणं नसांचं आहे. पाय जड पडत होते तेव्हाच यायला हवं होतं."

हे आम्ही लिहितो आहोत, कारण असे पाय दाबणारी एक तरी आपा, अम्मी किंवा खाला बहुतेक घरांत असते.

शरीरात रक्त नेणाऱ्या वाहिन्या दोन प्रकारच्या. रोहिणी हृदयाकडून रक्त आणते, नीला ते परत नेते. पायांतले रक्त खालून वर चढायचे असते. त्याला जोर देते ती पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि नीलेतले रक्त वर ढकलतात. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलेत जागोजागी झडपा असतात. या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते, नस फुगते, घोट्याजवळ दाब वाढतो. सकाळी हलके असणारे पाय संध्याकाळी जड पडतात ते यामुळे. पाय उंचावर ठेवले की बरे वाटते, कारण रक्ताला चढ उरत नाही.

डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. युनानी तिबमध्ये शब्द आहे 'दवाली'. आजार जुनाच आहे. कुर्तुब्याचे शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी (मृत्यू १०१३) यांनी 'अत्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात फुगलेल्या नसांवरची शस्त्रक्रिया वर्णन केली आहे.

कोणाला जपायला हवे? ज्यांच्या आईवडिलांना हा त्रास होता, ज्यांची बाळंतपणे अनेक झाली, वजन जास्त आहे, पूर्वी पायात गुठळी झाली होती, आणि ज्यांचे काम तासन्‌तास उभ्याने किंवा एका जागी बसून चालते. यात फळ्यासमोर उभे राहणारे आम्ही शिक्षकही आलो. रांजणगावच्या एमआयडीसीत मशीनपाशी पाळी करणारी आमच्या भागातली मुले आली, शिरूर-दौंडच्या कापड दुकानांतल्या मुली आल्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवावी असे लिहिले होते, म्हणजे मधे उसंत मिळाली तर टेकता यावे. दुकानांतल्या बायकांच्या आंदोलनानंतर केरळने २०१८ मध्ये आणि पुढे तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या नोकरांनाही हा हक्क दिला. मग स्वयंपाकघरात एक स्टूल ठेवायला आपल्याला कोणता कायदा हवा आहे?

आता खुणा. पाय जड पडणे, संध्याकाळी घोट्याला सूज, मोज्याचा वळ खोल उमटणे, रात्री पोटरीत गोळे येणे, खाज. डॉक्टर या आजाराच्या ० ते ६ अशा पायऱ्या मानतात: कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक नसा, मग फुगलेल्या नसा, सूज, काळवंडलेली कातडी आणि अखेरीस जखम. आपा थेट सहाव्या पायरीवर दवाखान्यात गेल्या होत्या.

वुजू करताना आपण दिवसातून अनेकदा घोट्यापर्यंत पाय धुतो. त्याच वेळी नीट पाहावे. दोन्ही घोटे सारखे आहेत का? रंग बदलला आहे का? बोटाने दाबल्यावर खळगा राहतो का?

प्रत्येक जड पाय नसांचाच असतो असे नाही. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह, मणक्याचे दुखणे हीही कारणे असतात. चालताना पोटरी दुखते आणि थांबले की राहते, असे असेल तर रोहिणीत अडथळा असू शकतो. दोन्ही पायांना सूज आणि दम लागत असेल तर हृदय व मूत्रपिंड तपासावे लागते. म्हणून स्वतःच्या मनाने घट्ट पट्टी बांधू नये. रोहिणीचा आजार असेल तर ती अपाय करते.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर आत गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत छातीत दुखले किंवा श्वास अडकला तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. फुगलेली नस फुटून रक्त आले तर आडवे व्हावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे.

आधी न्हावऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तिथून गरजेप्रमाणे पुण्याला ससूनला जाता येते. तपासणी म्हणजे डॉप्लर सोनोग्राफी. तिला सुई नाही, वेदना नाही. उपचारात डॉक्टरांनी माप घेऊन दिलेले दाबाचे मोजे असतात, ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच घालायचे. पुढे लेसर, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया. खर्चाची धास्ती वाटत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. घरी करायचे ते इतकेच: रोज चालणे, उभ्याने काम असेल तर दर अर्ध्या तासाला टाचा दहा-वीस वेळा उचलणे, रात्री पायांखाली उशी.

आपांच्या पायाला दर आठवड्याला पट्ट्या बांधल्या. तीन महिन्यांनी जखम भरली, नंतर लेसर झाले. काळा डाग राहिला आहे, तो जाणार नाही असे डॉक्टर म्हणाले. गेल्या रमजानमध्ये त्यांनी आठ रकाती उभ्याने पढल्या, उरलेल्या बसून. ओट्यापाशी आता स्टूल आहे. त्या त्यावर बसायला अजून लाजतात, म्हणून भाकऱ्या थापायला कधीकधी आम्हीच उभे राहतो. अल्हम्दुलिल्लाह, वेळ गेली तरी पाय वाचला. तुमच्या घरी ही वेळ येऊ देऊ नका.