आकाशकंदिलाशेजारी कैरोचा फानूस

रमजानचा चाँद दिसला की कैरोच्या गल्ल्या उजळतात. घरांचे सज्जे, दुकानांची दारं, गल्लीवर आडव्या बांधलेल्या दोऱ्या, जिथे जागा मिळेल तिथे रंगीत कंदील टांगले जातात. इफ्तार झाली की मुलं हातात छोटे कंदील घेऊन गाणी म्हणत गल्लीतून फिरतात. इजिप्तमध्ये या कंदिलाला ‘फानूस’ म्हणतात आणि रमजान म्हटलं की तिथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे आधी तोच येतो.

आपल्याकडे रमजानमध्ये असे कंदील लावायची चाल नाही. पण कंदील करायची चाल मात्र नक्की आहे. दिवाळीच्या सुटीआधी महाराष्ट्रातल्या किती तरी शाळांत कार्यानुभवाच्या तासाला कामट्या, पतंगी कागद, दोरा आणि खळ बाहेर निघते. बाकांवर चिकट हात, जमिनीवर कागदाचे तुकडे आणि शेवटी झिरमिळ्या लावलेला आकाशकंदील. सहावी-सातवीच्या मुलांना जगातल्या संस्कृती शिकवायच्या असतील, तर सुरुवात इथूनच करता येईल. तोच तास थोडा लांबवायचा आणि आकाशकंदिलाशेजारी आणखी तीन देशांचे कंदील करायचे.

एरवी शाळेत ‘इतरांची संस्कृती’ शिकवतात ती कशी? स्नेहसंमेलनात वेशभूषा होते. भिंतीवर तक्ता लागतो. ईद जवळ आली की एखाद्या मुस्लिम मुलाला उभं करून विचारतात, ‘‘तुमच्यात काय करतात, सांग बरं.’’ नाताळ आला की हीच वेळ ख्रिस्ती मुलीवर येते. विचारणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच असतो. पण त्या क्षणी सगळा वर्ग आपल्याकडे बघतो आहे, हे बारा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. तो एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे, अशी रेघ कुणाच्याही मनात नसताना ओढली जाते.

फानूस करायला घेतला की ही अडचण उरत नाही. कैरोचा फानूस आपल्या गावातल्या मुस्लिम मुलालाही इतरांइतकाच नवा असतो. फानूस लावणं हा काही धर्माने सांगितलेला विधी नव्हे, ती एका शहराची रीत आहे. कैरोची वसाहत ९६९ साली फातिमी राजवटीत झाली. पुढे ९७३ साली रमजानमध्येच खलिफा अल-मुइझ या नव्या राजधानीत आला. लोकांनी त्याचं स्वागत कंदिलांनी केलं आणि तिथून ही चाल पडली, अशी दंतकथा तिथे सांगतात. आख्यायिका आणि इतिहास यांत फरक कसा करायचा, हेही मुलांना या निमित्ताने सांगता येतं.

जुन्या कैरोतले कारागीर टिनच्या पत्र्याच्या पट्ट्या कापतात, त्या वाकवतात, डाख देऊन जोडतात आणि खिडक्यांत रंगीत काचा बसवतात. वर्गात पत्रा आणि काच नको. पुठ्ठ्याला खिडक्या कापून आतून रंगीत जिलेटीन चिकटवलं की काम भागतं. आत मेणबत्ती न ठेवता बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवावा. बाजारात प्लास्टिकचे आयात फानूस स्वस्तात मिळू लागले आणि या कारागिरांवर संकट आलं. २०१५ साली इजिप्त सरकारने अशा फानुसांच्या आयातीवर बंदी घातली. हे ऐकल्यावर आपल्या बाजारातले प्लास्टिकचे आकाशकंदील आणि कामट्या तासणारे हात मुलांना आठवले नाहीत तरच नवल.

दुसरा कंदील फिलिपिन्सचा. तिथे नाताळात घरोघरी ‘पारोल’ लावतात. ही बांबूच्या काड्यांची पाच टोकांची चांदणी. आधी दोन सपाट चांदण्या बांधायच्या, त्यांची टोकं एकमेकांना जुळवायची आणि मग मधल्या कोपऱ्यांत पाच आखूड काड्या बसवायच्या. काड्या बसल्या की चांदणी फुगते आणि तिला पोट येतं. वरून कागद आणि खालच्या दोन टोकांना शेपट्या. गोव्यात आणि वसईत नाताळात दारावर चांदणी पाहिलेल्या मुलांना ती लगेच ओळखू येते. फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते. अंधारात चर्चला जाणाऱ्यांना पूर्वी अशाच कंदिलांचा उजेड होई. हे ऐकताना रोजे धरणाऱ्या घरातल्या मुलाला सहरीची वेळ आठवेल आणि वारकऱ्याच्या घरातल्या मुलाला काकडआरतीची.

तिसरा कंदील चीनचा. चिनी पंचांगातल्या पहिल्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला तिथे कंदिलांचा सण असतो. त्या रात्री कंदिलांवर कोडी लिहिलेल्या चिठ्ठ्या लावतात आणि येणारे-जाणारे ती सोडवतात. वर्गात मुलांनी मराठी कोडी लिहून लावावीत. हा भाग मुलांना सर्वांत जास्त आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

चारही कंदील एका दोरीवर टांगले की एखादं मूल विचारतंच, ‘‘पौर्णिमेला एवढा उजेड असतो, मग कंदील कशाला?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, म्हणून आकाशकंदिलाचं काम सहज कळतं. चीनचा सण पौर्णिमेचा. नव्या वर्षाची पहिली पूर्ण चंद्राची रात्र साजरी करायची म्हणून तिथे दिव्यांची भर. रमजान सुरू होतो तो कोर दिसल्यावर, आणि फानूस सांगतो की महिना लागला. नाताळची तारीख सूर्याच्या वर्षावर ठरलेली, तिला चंद्राशी देणंघेणं नाही. काळ्या कार्डशीटवर अमावास्या, कोर आणि पौर्णिमा काढून प्रत्येक कंदील आपापल्या जागी लावला की एका तासात तीन पंचांगं समजतात.

मग पुढचा प्रश्न येतो. दिवाळी दरवर्षी पावसाळा सरल्यावरच येते, रमजान मात्र कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत, असं का? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. हिंदू पंचांग अधिक मास घालून ही तूट भरून काढतं, चिनी पंचांगही जादा महिना धरतं. इस्लामी पंचांग तसं करत नाही. म्हणून रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. शेजारच्या घरातले आजोबा ‘आम्ही मे महिन्यातले रोजे धरलेत’ असं का सांगतात, ते मुलांना आता उमगतं.

भाषेच्या बाईंनाही या तासात काम आहे. ‘आकाशकंदील’ या शब्दातलं आकाश संस्कृतातलं, तर कंदील अरबी ‘किंदील’वरून आलेला. अरबीत तो ग्रीकमार्गे लॅटिनमधून पोहोचला, आणि इंग्रजीतला ‘कँडल’ही त्याच कुळातला. ‘पारोल’ हा स्पॅनिश ‘फारोल’वरून आला. ‘फानूस’चं मूळ ग्रीकमध्ये आहे, आणि जुन्या मराठीतही दिव्याच्या काचेच्या आवरणाला फाणस म्हणत. दारात टांगलेल्या या एका वस्तूच्या नावात किती देश दडले आहेत, हे फळ्यावर लिहून दाखवायला दहा मिनिटं पुरतात.

हाताने वस्तू करताना गणित, इतिहास आणि भाषा शिकायची, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. हस्तोद्योगातून शिक्षण कसं द्यायचं याचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. तेच पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. हस्तकला हा वेळापत्रकातला मोकळा तास नव्हे, इतर विषय तिच्याभोवती गुंफायचे, ही नई तालीमची मूळ कल्पना. कंदिलाचा तास त्याच वाटेने जातो.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. चार कंदील शेजारी पाहून ‘म्हणजे सगळं एकच’ असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं ते नाही. दिवाळीची रात्र, रोज्याचा महिना, येशूचा जन्म आणि नव्या वर्षाची पौर्णिमा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला तिचा मान आहे. म्हणून प्रत्येक कंदिलाखाली एक चिठ्ठी हवी: कोण लावतं, कुठे, केव्हा, कशासाठी आणि तो कशाचा बनतो. ही चिठ्ठी मुलांनी स्वतः शोधून लिहावी. आणि कोणता कंदील कुणी करायचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. नाही तर फानूस पुन्हा त्याच मुलाच्या गळ्यात पडायचा.

खर्च फारसा नाही. कामट्या मोठ्यांनी तासून द्याव्यात, बाकी सगळं मुलांना जमतं. चांदणीचं एखादं टोक वाकडं होतं, जिलेटीन सुरकुततं, खळ बाकाला लागते. मग वाकडं टोक सरळ करायला शेजारचा हात पुढे येतो आणि तो कुठल्या घरातला आहे याचा विचार कुणी करत नाही.

कंदील शेवटी घरी जातात. एखाद्या वाड्यात पाटलांच्या दारात फानूस लागतो, तर पलीकडे शेखांच्या दारात पारोल. येणारे-जाणारे थांबून विचारतात, ‘‘हे काय नवीन?’’ आणि दारातलं पोर चिठ्ठीकडे न पाहता सगळं सांगून टाकतं.