जपानी आरपीजीसाठी जुना कन्सोल कोणता?
माझं ठाम मत: पहिला मान सुपर निन्टेन्डोचा. १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’च बघा. सुरुवातीच्या जत्रेत तुम्ही कुणाचा तरी डबा गुपचूप फस्त केलात, तर पुढे भर कोर्टात त्याचा जाब विचारला जातो! ‘फायनल फँटसी ६’सुद्धा याच कन्सोलवर आला. संख्येत मात्र प्लेस्टेशन कितीतरी पुढे, आणि त्याचं कारण सीडी. कार्ट्रिजमध्ये मोजकेच मेगाबाइट मावायचे, सीडीत साडेसहाशेच्या आसपास. म्हणून १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ तीन सीड्यांवर प्लेस्टेशनला गेला आणि कार्ट्रिजवाल्या निन्टेन्डो ६४ च्या वाट्याला या प्रकारातलं फारच थोडं आलं. सेगा सॅटर्नकडे ‘पँझर ड्रॅगून सागा’ आहे, तो अजून दुसऱ्या कुठल्याच कन्सोलवर आलेला नाही. नवख्यांनो, ‘क्रोनो ट्रिगर’ मोबाइलवरही मिळतो, तिथूनच सुरुवात करा.