छातीचा फोटो काय सांगतो?



मिरजेच्या एखाद्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेला कामगार डोळ्यांसमोर आणा. हातात एक्स-रेचे मोठे पाकीट. वीस वर्षे फौंड्रीत वाळूचे साचे फोडलेले. आता जिना चढताना धाप लागते, खोकला काही सुटत नाही. "डॉक्टर, टीबीच असेल ना?" असे तो विचारतो. डॉक्टरांनी त्याला आधी उलट विचारायला हवे, "तुम्ही काम काय करता?"

आपल्या भागात लोखंड ओतण्याचा धंदा जुना आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आज मिरज, कुपवाड, सातारा येथेही ओतकाम चालते. कोणी म्हणेल, धूळ तर खडीच्या मशीनवरही उडते. खरे आहे, आणि तीही बरी नव्हे. पण आपल्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका थोडी असते; साच्याची वाळू म्हणजे बहुतांशी गारेचाच चुरा. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथे सूज येते आणि पुढे वण धरतात. हाच सिलिकोसिस.

हवेने भरलेले फुप्फुस फोटोत काळे दिसते आणि वण पांढरे उमटतात. सिलिकोसिसचे ठिपके बहुधा वरच्या भागात आधी दिसतात. पण "ठिपके पुष्कळ आहेत" एवढे म्हणून भागत नाही. एका डॉक्टरचे पुष्कळ ते दुसऱ्याचे थोडे! म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नमुन्याचे फोटोच ठरवून दिले आहेत. रोग्याचा फोटो त्यांच्या शेजारी ठेवून ताडून पाहायचा. ठिपक्यांच्या दाटीवरून शून्य ते तीन असे चार वर्ग पडतात. ठिपक्यांचा आकारही पाहतात: कोणते खसखशीएवढे, कोणते मोहरीएवढे, कोणते ज्वारीच्या दाण्याएवढे. 10 मिलिमीटरहून मोठा डाग दिसला, की रोग पुढच्या पायरीवर गेला असे समजावे.

इथे एक खबरदारी हवी. फोटो काढताना "श्वास भरून घ्या, रोखून धरा" असे सांगतात, ते उगाच नव्हे. अर्ध्या श्वासात काढलेला फोटो पांढुरका येतो आणि नसलेला रोग दाखवितो.

मग फोटो म्हणजेच सारे काही का? नाही. कोणाच्या फोटोत ठिपके दाट, पण दम अजून शाबूत, कोणाचे उलट. म्हणून फुंकून करायची श्वासाची तपासणीही लागते. साध्या फोटोत न दिसणारे बारीक ठिपके सीटी स्कॅनमध्ये दिसू शकतात. आणि टीबीचे काय? सिलिकोसिसच्या रोग्याला टीबी लवकर गाठतो, म्हणून थुंकी तपासलीच पाहिजे. पण थुंकीत जंतू नसताना नुसत्या फोटोवरून टीबीची औषधे पुन्हापुन्हा चालू राहिली आणि माणूस त्याच धुळीत कामाला जात राहिला, तर काय साधले?

पडलेले वण कोणत्याही औषधाने पुसले जात नाहीत. धूळ थांबविणे, साचा फोडताना पाणी मारणे, धूळ ओढून घेणारे पंखे बसविणे, हाच खरा उपाय. सिलिकोसिस आढळल्यास सरकारला कळविणे 1948 च्या कारखाने कायद्याने बंधनकारक केले; 2020 च्या संहितेच्या यादीतही तो आहे. भरपाई मागतानाही फोटो आणि कामाची नोंद, दोन्ही लागतात.

तेव्हा कामगार बंधूंनो, कामाला लागतानाचा पहिला फोटो रद्दीत टाकू नका. रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा. आजचा फोटो आज काय आहे ते सांगतो. जुना शेजारी ठेवला, तर रोग किती वेगाने चालला आहे हेही कळते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगा: "साहेब, मी फौंड्रीत काम करतो."